कोरिडोरस पाळायचा तर आधी वाळू बघा

कोरिडोरस हा टाकीच्या तळाशी राहणारा छोटा मासा. तो खायला लागला की डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, खाण्याजोगा कण ठेवून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून मागे सोडून देतो. जागा असेपर्यंत त्याचा हाच उद्योग चालू असतो. त्यामुळे या माशासाठी टाकी लावताना काच, फिल्टर, दिवे यांच्या आधी तळाचा विचार करावा लागतो. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. आधी टाकी येते, मग निळे-गुलाबी खडे, मग रंगीत मासे, आणि निघताना दुकानदार ‘तळ साफ करायला’ म्हणून दोन कोरिडोरस पिशवीत घालून देतो. कोरिडोरस, म्हणजे पाळणाऱ्यांच्या भाषेत ‘कोरी’, विष्ठा खात नाही, शेवाळही खात नाही. त्याला स्वतःचं वेगळं जेवण लागतं, आणि सोबतीला स्वतःच्याच जातीचे निदान पाच जण लागतात.

मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अँडीज पर्वताच्या पूर्वेला, त्रिनिदादपासून खाली अर्जेंटिनापर्यंत, अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि ला प्लाटा या नद्यांच्या खोऱ्यांत तो सापडतो. मोठ्या पात्रापेक्षा लहान ओढे, काठाचा उथळ भाग, वाळू आणि कुजलेल्या पानांचा थर ही त्याची आवडती जागा. आपल्या मांगूर-शिंगाळ्यासारखी त्याची कातडी उघडी नसते. दोन्ही कुशींवर हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. कोरिडोरस हे नाव फ्रेंच निसर्गतज्ज्ञ लासेपेद याने १८०३ मध्ये दिलं, आणि त्यातल्या ‘कोरी’चा मूळ ग्रीक अर्थ शिरस्त्राण.

नावांचा एक घोळ आधीच सांगून टाकतो. या एकाच प्रजातीत दीडशेहून अधिक जाती कोंबलेल्या होत्या. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची फोड केली. त्यामुळे दुकानात मिळणारा ब्राँझ कोरी आता कागदोपत्री ऑस्टिओगॅस्टर झाला आहे, पेपर्ड, पांडा आणि स्टर्बाय हे हॉप्लिसोमा, आणि इंचभराचा पिग्मी गॅस्ट्रोडर्मस. दुकानदार, पाळणारे आणि बाटलीवरची लेबलं मात्र सगळ्यांना कोरिडोरसच म्हणतात. इथेही तसंच म्हटलं आहे. माहिती शोधताना नवं नाव दिसलं तर वेगळा मासा समजू नका.

कुठला कोरी कुणाच्या घरात

जात निवडताना रंगापेक्षा तुमच्या घराचा मे महिना बघा. पेपर्ड कोरी थंड पाण्यातला, २० ते २४ अंश सेल्सिअसला खूश. नाशिक-पुण्याच्या थंडीत त्याला हीटर लागत नाही, पण नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पाणी ३२ वर गेलं की तो तगत नाही. पांडालाही २५ च्या पुढचं पाणी फार दिवस सोसत नाही. ब्राँझ आणि त्याचीच पांढरी, लाल डोळ्यांची अल्बिनो जात २२ ते २६ मध्ये मजेत राहते आणि थोडी वर-खाली सहन करते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. स्टर्बाय २४ ते २८ चा. मुंबई, कोकण, गोवा किंवा विदर्भ इथल्या घरांना खरा हाच मानवतो. किंमत जास्त असते, पण दर उन्हाळ्यात नवे मासे आणण्यापेक्षा स्वस्त पडतो.

पाणी थंड करायला पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा पुरतो. कोरड्या हवेत, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात, तो तीन-चार अंश उतरवतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, तिथे एखाद-दोन अंशांवर समाधान मानावं लागतं. पंखा चालू असताना रोज पाणी आटतं, पण क्षार मागेच राहतात. आटलेली भर नळाच्या पाण्याने घालत राहिलात तर महिन्याभरात पाणी जड होतं. ही भर आरओच्या पाण्याने घाला. पाणी बदलताना मात्र नेहमीचंच वापरा.

लालभडक, हिरवे, जांभळे कोरी दिसले तर घेऊ नका. ते अल्बिनो मासे रंग टोचून किंवा रंगात बुडवून केलेले असतात. रंग काही महिन्यांत उतरतो, आणि बरेच मासे तोपर्यंत टिकत नाहीत.

वाळू

कण अर्धा ते एक मिलिमीटर आणि गोलसर हवा. ओली वाळू मुठीत घट्ट दाबून चोळा. तळहाताला टोचली तर माशाच्या मिशांनाही टोचणार. बांधकामाला हल्ली मिळणारी क्रश सँड अजिबात चालत नाही. ती काळा दगड फोडून केलेली असते आणि तिच्या प्रत्येक कणाला धार असते. पाणी गाळण्याच्या टाक्यांत आणि पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू चांगली. जुनी नदीची वाळू मिळाली तर पिठाच्या चाळणीने बारीक धूळ काढा आणि जाड चाळणीने खडे काढा.

कुठलीही वाळू आणली की चमचाभर वाळूवर पांढरं व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुना आहे. ती पाण्याचा पीएच आणि जडपणा वाढवत राहील. समुद्रकाठची वाळू याच परीक्षेत नापास होते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला अडीच सेंटिमीटर थर द्यायला सुमारे सात किलो वाळू लागते. बादलीत थोडी थोडी घेऊन, हाताने ढवळून, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. दहा-बारा पाणी सहज लागतात. कंटाळून मध्येच सोडलीत तर टाकी आठवडाभर ताकासारखी दिसेल. थर तीन सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. खोल थरात हवा पोचत नाही, काळे पट्टे धरतात आणि ढवळल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो.

मिशा झडण्याचा दोष लोक फक्त खड्यांना देतात. खडे धारदार असले तर जखम होते हे खरं, पण मिशा कुरतडल्यासारख्या आखूड होत जातात त्या मुख्यतः घाणीतल्या जिवाणूंमुळे. खड्यांच्या फटीत खाणं अडकतं, कुजतं, आणि मासा नेमकं तिथेच तोंड घालतो. वाळूत खाणं वरच राहतं म्हणून ते दिसतं आणि काढता येतं. अर्थात वाळूवरही घाण साचू दिलीत तर मिशा जातात. आठवड्यातून एकदा पाणी काढण्याची नळी वाळूच्या एक सेंटिमीटर वर धरून गोल गोल फिरवा. घाण उठते आणि नळीत जाते, वाळू खाली राहते. झाडांच्या बुंध्यापाशी आणि दगडामागे बोटाने हलकं ढवळा. टोकदार, मळसूत्री शंखाच्या बारीक गोगलगायी टाकीत शिरल्या असतील तर राहू द्या. त्या रात्री वाळूखालून फिरतात आणि तुमचं अर्धं काम करतात.

टाकी आणि पाणी

सहा ब्राँझ किंवा स्टर्बायसाठी २४ × १२ × १२ इंची टाकी ही किमान मर्यादा. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहतं. उंची वाढवून या माशाचा काही फायदा नाही, तळाचं क्षेत्रफळ वाढवा. तीन फुटी टाकीत दहा-बारा जण एकत्र फिरताना दिसतात तेव्हा मासा खरा कळतो. सहा जण म्हणजे एकाच जातीचे सहा. दोन ब्राँझ, दोन पांडा, दोन पेपर्ड असं गोळा केलंत तर तीन एकटी जोडपी होतात आणि तिन्ही लपून बसतात.

फिल्टरला स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरेसा आहे. भारनियमन असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. कोरी स्वतः तासन् तास तग धरेल, कारण त्याला वरची हवाही घेता येते. अडचण स्पंजमधल्या, घाण पचवणाऱ्या जिवाणूंची असते, हवा बंद झाली की ते मरायला लागतात. हा मासा मध्येच सुर्रकन वर जातो, हवेचा घोट घेतो आणि खाली येतो. ती हवा आतड्याच्या मागच्या भागात शोषली जाते. तासात काही वेळा असं होणं अगदी नॉर्मल. दर मिनिटाला सगळे वर पळत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया वाढला आहे. याच सवयीमुळे टाकी काठोकाठ भरायची नाही. झाकणाखाली पाच सेंटिमीटर हवा ठेवा आणि झाकण मात्र घट्ट ठेवा, कारण वर जाण्याच्या वेगात तो बाहेरही पडतो.

नव्या टाकीत मासे सोडायची घाई करू नका. मासे न घालता, रोज चिमूटभर खाद्य टाकून, चार ते सहा आठवडे फिल्टर चालवा. थेंबांच्या टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, आणि नायट्रेट दिसायला लागलं, म्हणजे टाकी तयार. एखाद्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज तुमच्या टाकीत पिळलात तर हा काळ बराच कमी होतो. त्यानंतर नायट्रेट २०-३० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) खाली राहील असं बघायचं. साधारण दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदललं की ते जमतं.

पीएच ६.५ ते ७.५ चालतो. मुंबईचं धरणाचं नळपाणी मऊ असतं, फार काही करावं लागत नाही. बोअरचं पाणी जड असतं. ब्राँझ आणि पेपर्ड त्यात जगतात, पण अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरतं. म्हणून फक्त पाळायचं असेल तर आहे ते पाणी स्थिर ठेवा. रोज औषधं ओतून पीएच खाली-वर करणं हे जड पाण्यापेक्षा वाईट.

क्लोरिनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, सगळ्यांत स्वस्त. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. १० लिटर पाण्याला या द्रावाचं १ मिलिलिटर टाका, ढवळा, पाच मिनिटांनी पाणी वापरा. पावसाळ्यात पालिका क्लोरिन वाढवते. नळाला उग्र वास येत असेल तर मात्रा दुप्पट करा.

विकत घेणं आणि घरी आणणं

याच टप्प्यावर सर्वाधिक कोरी मरतात. दुकानात टाकीसमोर पाच मिनिटं उभे राहा. पोट आत गेलेला, मिशा तुटलेला, पोटाखाली लाल डाग असलेला किंवा एका कोपऱ्यात कलंडलेला मासा घेऊ नका. शेजारी एखादा मेलेला दिसला तर त्या टाकीतला एकही नको. आज आलेला माल उचलू नका. आठवडाभर दुकानात टिकून, खायला लागलेला घ्या. दुकानदाराला खाणं टाकायला सांगायला संकोच कशाला?

आता काट्याबद्दल. पाठीचा एक आणि छातीच्या परांचे दोन, असे तीन काटे हा मासा घाबरला की ताठ उभे करून अडकवून टाकतो. ते जाळीत गुंततात, पातळ पिशवी फोडतात, आणि बोटात गेले तर झोंबतात. पकडायला जाळीपेक्षा प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा वापरा. जाळीने डब्याकडे वळवायचं आणि डब्याने उचलायचं. जाळीत अडकलाच तर ओढू नका, कात्रीने जाळी कापा. जाळी पन्नास रुपयांत येते. काटा टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट धरून ठेवा, कळ कमी होते. सूज चढत गेली तर डॉक्टरांकडे जा.

काट्याच्या मुळाशी ग्रंथी असतात आणि मासा फार घाबरला की त्यांतून विष सुटतं. नदीत ते वाहून जातं. बंद पिशवीत मात्र तो स्वतःच्याच विषात बुडतो, आणि सोबतचेही. पिशवीतल्या पाण्यावर फेस दिसला, मासे आडवे झाले, तर हेच घडलेलं असतं. उपाय दुकानातच करायचा: पकडलेले मासे आधी डब्यातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायला सांगा, मग ते पाणी फेकून नव्या पाण्यात पिशवी बांधायला सांगा. एका पिशवीत तीनच मासे, पिशवी दुहेरी, आणि एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. पिशवीला अंधार मिळेल असा कागद गुंडाळा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. वाटेत फेस दिसला तर घरी पोचल्यावर सावकाश जुळवून घेण्याचे सोपस्कार सोडा आणि तापमान सारखं असलेल्या स्वच्छ पाण्यात मासे लगेच हलवा.

एरवी पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या-पाऊण तासाने मासे डब्याने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. आधीचे मासे असतील तर नव्यांना तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

सोबतीला छोटे टेट्रा, रासबोरा, शांत डॅनिओ चालतात. गोल्डफिश नको, कारण पाण्याचं तापमान आणि घाण दोन्ही जुळत नाही. ऑस्कर किंवा कुठलाही मोठ्या तोंडाचा मासा तर मुळीच नको. तो कोरी गिळायला जातो, काटे घशात उभे राहतात आणि दोघेही मरतात.

खाणं

बुडणाऱ्या गोळ्या हे रोजचं जेवण. सहा माशांना पोटाच्या आकाराप्रमाणे एक-दोन चकत्या, त्याही तोडून दोन-तीन ठिकाणी टाका, म्हणजे धटिंगण एकटा खाऊन बसत नाही. वेळ दिवा बंद करण्याच्या थोडी आधीची. वरचे मासे तोवर सुस्तावलेले असतात. तासाभरात संपलं नाही तर उरलेलं नळीने काढा आणि उद्या कमी द्या.

आठवड्यातून दोन-तीनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले पिसवेएवढे जीव) द्या. ताजी कोळंबी सोलून, शिरा काढून, बारीक चिरून दिली तर तुटून पडतात. वाळवलेला जवळा टाळा, त्यात मीठ आणि कचकच असते. जिवंत ट्युबिफेक्स (दोऱ्यासारखे लाल किडे) हे यांचं सर्वांत लाडकं खाणं, पण बाजारातले गटाराच्या गाळात वाढलेले असतात. घेतलेच तर उथळ ताटलीत पाणी दिवसातून तीन-चारदा बदलत चार दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मेलेले पांढरे झुपके काढत राहा आणि मगच द्या. एवढा खटाटोप करायचा नसेल तर न दिलेले बरे.

पोट खपाटीला गेलेला मासा बहुधा आजारी नसून उपाशी असतो. ‘वरून पडलेलं खाईल’ या भरवशावर राहिलेले कोरी असे महिनोन् महिने झिजतात. काचेला चिकटून राहणारा सकर मासा त्याच टाकीत असला तर गोळी त्याच्या ताब्यात जाते.

औषधांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. टाकीत मूठभर मीठ टाकायची आपल्याकडची सवय कोरीला मानवत नाही. तांबं असलेली औषधं आणि फॉर्मालिन यांची मात्रा अर्धीच ठेवा. लाल पोट, चिकटलेले पर, आखूड मिशा या तिन्हींवर पहिलं औषध म्हणजे सलग तीन दिवस ३० टक्के पाणी बदलणं आणि वाळू साफ करणं.

वीण: पाऊस घरात आणायचा

नर-मादी वरून ओळखा. छातीच्या परांमागे मादी रुंद आणि गोलसर दिसते, नर सडपातळ. पेपर्डमध्ये नराचा पाठीचा पर चक्क उंच असतो. वर्षभराची मादी आणि तिच्यामागे दोन नर हे प्रमाण उत्तम. दोन माद्या, चार नर असा गट वेगळ्या दोन फुटी टाकीत घ्या. पातळ वाळू, एक स्पंज फिल्टर, जावा मॉस या पाणवनस्पतीचा गुच्छ. बस.

दोन आठवडे दिवसातून दोनदा ब्लडवर्म, कोळंबी, डॅफ्निया. पाणी या काळात मुद्दाम बदलायचं नाही, फक्त आटू द्यायचं. मूळ नद्यांत कोरड्या दिवसांत हेच होतं: पाणी उतरतं, कोमट आणि क्षारयुक्त होतं, मासे डबक्यांत एकत्र येतात. मग पाऊस येतो, पाणी गार होतं, क्षार पातळ होतात, आणि पिल्लांना खायला बारीक जीव उपजतात. माद्या इतक्या फुगल्या की तळावर टेकताना डुलतात, तेव्हा आपण पाऊस पाडायचा.

संध्याकाळी निम्मं पाणी काढा आणि टाकीपेक्षा चार-पाच अंश गार पाणी हळूहळू घाला. टाकी २७ ला असेल तर २२-२३ चं. इथे आपला नळच दगा देतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. पहाटे भरून ठेवा, आणि बर्फ भरून घट्ट झाकलेली पाण्याची बाटली बादलीत तरंगवून तापमान उतरवा. थर्मामीटर लावा, अंदाज नको. पाणी जड असेल तर निम्मं आरओचं घ्या. आरओ यंत्रातून फेकलं जाणारं पाणी घेऊ नका, सगळे क्षार त्यातच असतात. स्पंजचा हवेचा जोर वाढवा. सकाळपर्यंत काही झालं नाही तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा. तीन दिवसांत अंडी आली नाहीत तर थांबा, आठवडाभर पुन्हा खाऊ घाला.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडतो तेव्हा मात्र अनेकदा हे काहीच करावं लागत नाही. हवेचा दाब उतरलेला, नळ गार झालेला, आणि एक साधं पाणी बदलणं पुरतं. दक्षिण अमेरिकेतला पावसाळा वेगळ्या महिन्यांत असला तरी पाळलेला मासा पंचांग इथलंच मानतो.

नर मादीच्या मागे काचेवर वर-खाली पळायला लागले की दिवा मंद करा आणि लांब बसा. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते, दोघांचा इंग्रजी टी सारखा आकार होतो. ती वीर्य तोंडाने घेते, ते आतड्यातून वेगाने जाऊन पोटाच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपाशी बाहेर पडतं. ब्राँझ कोरीमध्ये जपानी संशोधकांनी हे १९९५ मध्ये दाखवून दिलं. ओंजळीत एका वेळी दोन-चार, कधी अधिक अंडी असतात. ती घेऊन मादी काच, पान किंवा फिल्टरच्या नळीवर जागा चाटून साफ करते आणि चिकटवते. हे काही तास चालतं. ब्राँझची मोठी मादी शंभर-दोनशे अंडी सहज घालते.

अंडी आणि पिल्लं

काम उरकलं की आईबापच अंडी खायला लागतात. म्हणून एक तर मासे हलवा किंवा अंडी. अंडी हलवणं सोपं. घातल्यावर तीन-चार तास थांबा, कवच रबरासारखं घट्ट होतं. मग ओल्या बोटाने काचेवर हलकं घासत गोळी करावी तशी लोळवा, ती सुटून येतात. जुनं एटीएम कार्डही चालतं. मॉसवरची अंडी फांदीसकट कापा.

दोन-तीन लिटरच्या आइस्क्रीमच्या डब्यात त्याच टाकीचं पाणी घ्या आणि डबा टाकीतच तरंगत ठेवा, तापमान आपोआप सारखं राहतं. हवेचा दगड असा लावा की अंडी हलकेच थरथरतील, उडणार नाहीत. बुरशी रोखणाऱ्या मिथिलिन ब्ल्यू या औषधाचे थेंब पाणी फिकट आकाशी होईल इतकेच. किंवा देशी बदामाचं गळून पडलेलं, तपकिरी, वाळलेलं पान धुवून त्याचा काडेपेटीएवढा तुकडा टाका. त्यातलं टॅनिन बुरशीला रोखतं, आणि ही झाडं आपल्या रस्तोरस्ती आहेत. फवारणी झालेल्या बागेतलं पान मात्र नको. मिथिलिन ब्ल्यू मुख्य टाकीत सांडू देऊ नका, फिल्टरचे जिवाणू मरतात आणि काचेच्या कडांचं सिलिकॉन कायमचं निळं होतं.

दुसऱ्या दिवशी फळलेली अंडी पिवळसर-तपकिरी होतात. पांढरी, कापसासारखी दिसणारी अंडी ड्रॉपरने रोज दोनदा उचला. एक पांढरं शेजारची चार बुडवतं. निम्म्याहून अधिक अंडी पांढरी पडली तर नर कमी होते, कोवळे होते किंवा पाणी जड होतं.

२५ अंशांच्या आसपास तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पहिले दोन-तीन दिवस पोटाशी अंड्यातला पिवळा बलक असतो, तेव्हा काहीही खायला घालू नका. टाकलेलं फक्त कुजतं. बलक संपल्यावर अंड्यांतून नुकतेच निघालेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, बाटलीत जोरात हवा, वर दिवा, २६ ते २८ अंश. साधारण चोवीस तासांत केशरी पिल्लं दिसतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर जातात, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने काढून तलम कापडावर घ्या आणि गोड्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर मीठ डब्यात जातं. दिवसातून दोनदा, पोटं केशरी दिसतील इतकं द्या. सोबत मायक्रोवर्म (बारीक पांढरे कृमी) असले तर उत्तम.

दुसऱ्या आठवड्यात पिल्लं पटापट मरतात ती बहुतेक वेळा भुकेने नव्हे, तळाने. गुळगुळीत तळावर बोट फिरवून बघा, बुळबुळीत थर लागेल. पिल्लांचं पोट आणि कोवळ्या मिशा त्याच थरात दिवसभर टेकलेल्या असतात. रोज निम्मं पाणी बदला, तळ स्वच्छ स्पंजच्या तुकड्याने पुसा, मेलेले आर्टेमिया ड्रॉपरने काढा. दहाव्या दिवसानंतर चिमूटभर बारीक वाळू पसरली, वाळूचा फक्त एक पदर दिसेल इतकीच, तर मृत्यू लक्षणीय कमी होतात. एक-दोन छोट्या गोगलगायी सोडल्या तर उरलेलं त्या खातात. पाणी बदलताना तापमान एका अंशाच्या फरकात ठेवा. मोठ्यांना अंडी घालायला लावणारा गारवा पिल्लांना मारतो.

तीन आठवड्यांनी डबा लहान पडतो. वीस लिटरच्या, जुना चालता स्पंज फिल्टर लावलेल्या टाकीत हलवा आणि चुरलेल्या बुडणाऱ्या गोळ्या सुरू करा. दोनएक महिन्यांत पिल्लं दीड-दोन सेंटिमीटरची होतात, तोंड वाळूत घालायला लागतात, आणि मोठ्यांच्या टाकीत जाऊ शकतात.

शंभर पिल्लं वाढली तर ती कुठे देणार हे आधी ठरवा, दुकानदार बहुधा मोबदल्यात खाद्य देतो. तळ्यात किंवा नदीत एकही सोडू नका. दक्षिण अमेरिकेचाच सकर मासा असा सोडल्यामुळे आपल्या धरणांत आणि नद्यांत पसरला आहे, आणि जाळ्यात गुंतून मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.